तळ्याचा काठ खरवडून पर्यटन येत नाही

वाशीम जिल्ह्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळते. जिल्ह्यात ना समुद्र, ना खाडी, ना वाघ. जी काही तळी आणि धरणे आहेत त्यांचे काठ गवताने, बेशरमीच्या झुडपांनी आणि चिखलाने माखलेले. तेव्हा आधी ही घाण काढा, काठाला दगड लावा, पेव्हर ब्लॉकची पायवाट करा, मधोमध कारंजे आणि त्यावर रंगीत दिवे सोडा, कोपऱ्यात सेल्फी पॉइंट उभारा. मग बघा लोक कसे येतात. या सगळ्याला ‘सुशोभीकरण’ असे भारदस्त नाव आहे आणि त्याला कोणी विरोध करत नाही, कारण सौंदर्याला विरोध कोण करणार?

असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि इथल्या पोरांना गावातच काम मिळावे असे कोणालाही वाटेल. पण म्हणणे चुकीचेच आहे, आणि केवळ निसर्गप्रेमाच्या अंगाने नव्हे. पर्यटनाच्या रोकड्या हिशेबानेही चुकीचे आहे. ज्याला घाण म्हणून काढायचे ठरले आहे, तेच या तळ्यांपाशी बघण्यासारखे आहे.

पहिला आक्षेप असा असतो की वाशीमला नैसर्गिक पाणथळ जागाच नाही. हे खरे आहे. जिल्हा बेसाल्टच्या पठारावर, दोन खोऱ्यांच्या पाणलोटावर बसलेला. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. अडाण, अरुणावती, पूस या नद्या पैनगंगेला मिळून गोदावरीच्या वाटेला लागतात. पठारावर पाणी थांबत नाही, ते थांबवावे लागते. म्हणून इथले सगळे पाणी माणसाने अडवलेले आहे. वाशीम शहराला पाणी देणारे एकबुर्जी, कारंजा शहराजवळचे अडाण, मंगरुळपीर तालुक्यातले मोतसावंगा, पैनगंगेवरचे बॅरेज आणि गावोगावचे पाझर तलाव, सगळे बांधीव. कारंज्याचा ऋषी तलाव, वाशीमचे पद्मतीर्थ आणि बालाजी मंदिराजवळचे देवतळे ही त्यातली जुनी मंडळी.

पण बांधीव म्हणजे बिनमोलाचे, हा निष्कर्ष कुठून आला? महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्य झालेली पाणथळ जागा, कोणती? नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर. ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो एक बंधारा आहे. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले, उथळ पाण्यात शेवाळ पसरले आणि मागोमाग पक्षी आले. पक्षितज्ज्ञ सलीम अली तिथे गेले तेव्हा त्यांना ती जागा महाराष्ट्रातले भरतपूर, म्हणजे राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षीतीर्थासारखी, वाटली. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. आज तिथे अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत, आणि हिवाळ्यात काठच्या चापडगावचे तरुण दुर्बिणी घेऊन पाहुण्यांना वाट दाखवतात. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने ते निकामी होत चाललेले धरण आहे; वरच्या अंगाच्या गावांना पुराचा त्रास होतो आणि गाळ काढा अशी त्यांची मागणीही असते. ती मागणी खोटी नाही. मात्र त्या गाळावर आणि गवतावरच तिथले पर्यटन उभे आहे, हेही तितकेच खरे.

इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि तो सुशोभीकरणवाल्यांच्या बाजूचा वाटतो. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. नागपूरच्या फुटाळा तलावातल्या संगीत कारंज्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला: भोसल्यांच्या काळातला हा तलाव मानवनिर्मित असल्याने नियमांच्या व्याख्येत बसत नाही. झाले, आता बांधीव तळ्यात वाटेल ते करता येते, असा अर्थ काढणाऱ्यांनी निकालाचा दुसरा भागही वाचावा. सार्वजनिक विश्वासाचे तत्त्व कृत्रिम जलाशयांनाही लागू होते, असे त्याच न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे तलाव माणसाने बांधला असला तरी तो लोकांच्या वतीने सांभाळायचा ठेवा आहे. कायद्याने एक कुलूप काढले, याचा अर्थ घर लुटायला मोकळे झाले असा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. पाण्यातली झाडेझुडपे बघायला पैसे खर्चून कोण येईल?

त्याचे उत्तर महाराष्ट्रातच तयार आहे. कासच्या पठारावर दर पावसाळ्याच्या शेवटी जी रीघ लागते, ती कशासाठी? हत्ती नाही, धबधबा नाही. कातळावरच्या पाणथळ डबक्यांत उगवणारी सीतेची आसवे, बोटभर उंचीची रोपे, आणि थोडे चालून गेल्यावर लागणारे कुमुदिनी तळे. पांढऱ्या झालरीच्या पाकळ्यांच्या त्या पाणफुलांसाठी लोक चिखल तुडवत जातात. गर्दी इतकी झाली की रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली आणि नोंदणी करून यावे लागते. आसपासच्या गावांच्या समितीकडे व्यवस्था आहे आणि शुल्कातून गावातल्या पोरांना हंगामी काम मिळते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवनात नेतात, तिवर कोणते आणि कांदळ कोणते, झाड मीठ कसे बाहेर टाकते आणि चिखलातून श्वास कसा घेते, हे सांगतात. तिथे मोटारबोटीचा गोंगाट नाही, रंगीत दिवे नाहीत. माल एकच, पाणथळीतली झाडे. आणि तो सांगणाऱ्या बायका गावच्याच आहेत.

भारतातले सर्वांत मोठे खारे सरोवर ओडिशातले चिल्का. त्याच्या काठी मंगलाजोडी नावाचे गाव आहे. एकेकाळी तिथले लोक पाणपक्ष्यांची शिकार करून विकत. २००० च्या आसपास त्यांनीच संरक्षण समिती काढली आणि पुढे तेच शिकारी नावाडी आणि वाटाडे झाले. लांब वेळूने ढकलत नेलेली होडी देवनळाच्या रांगांमधून सरकते आणि पक्षी हाताच्या अंतरावर दिसतात. देवनळ कापून ते पाणी ‘स्वच्छ’ केले असते, तर पक्ष्यांना आडोसा राहिला नसता आणि होडीतून बघायला उघडे पाणी तेवढे उरले असते.

वाशीमच्या तळ्यांत असे काय आहे, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तरासाठी भाद्रपद-आश्विनात कोणत्याही जुन्या तलावाच्या अशा कडेला जावे, जिथे दगड लावलेला नाही. जमीन आणि पाणी यांच्यामध्ये तिथे रेघ नसते, पट्टा असतो. सर्वांत बाहेर, नुसत्या ओलीत, माका आणि जलब्राह्मी. माका गणपतीच्या पत्रीतला म्हणून घरोघरच्या बायका ओळखतात. त्यापुढे घोट्याइतक्या पाण्यात लव्हाळे आणि काटेरी कोळशिंदा. त्याला जांभळी फुले आली की पाऊस संपत आल्याचे कळते. त्याचेच बी बाजारात तालीमखाना म्हणून विकले जाते. गुडघाभर पाण्यात पाणकणीस उभे राहते, तपकिरी मखमली कणसे वाऱ्यावर हलवत. पाण्यावर तरंगत पसरणारी नाळीची भाजी आणि कंबरभर पाण्यात कमळ, कुमुद, शिंगाडा. त्याहून खोल, जिथवर ऊन पोचते तिथवर, पाण्याखालचे शेवाळ. चार-पाच ढांगांत चार-पाच जगे.

यातल्या एकेका गोष्टीवर एक सकाळ सहज जाईल. पाण्याखाली पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया नावाची वनस्पती असते. तिचे मादीफूल स्प्रिंगसारख्या देठावर पृष्ठभागापर्यंत येते आणि पाण्यात एक खळगी करून उघडते. नरफुले तळाशी सुटतात, टाचणीच्या डोक्याएवढी. बुडबुड्यांसारखी वर येतात, पाण्यावर उघडतात आणि वाऱ्याने ढकलली जात त्या खळगीत घसरतात. परागीकरण झाले की मादीफुलाचा देठ पुन्हा वेटोळे घेतो आणि फूल खाली ओढले जाते. भिंग हातात दिले तर दहा वर्षांचे पोर हे तासभर बघत बसेल. शेजारीच विदर्भातल्या तळ्यांत सापडणारी मांसाहारी युट्रिक्युलेरिया. पाण्यात पसरलेल्या तिच्या बारीक तंतूंवर तांदळाच्या कणीहून लहान पिशव्या असतात आणि एखादा पाणपिसू केसाला शिवला की डोळ्यांनी टिपता येणार नाही इतक्या वेगाने तो आत ओढला जातो. सीतेची आसवे तिच्याच गोतातली.

आणि कमळपक्षी. लांबच लांब बोटांचा हा पक्षी कमळ-शिंगाड्याच्या पानांवरून चालतो, तरंगत्या पानांवरच अंडी घालतो, आणि ती उबवण्याचे, पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. मादी दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. टिबुकली शेवाळाचा ढीग रचून त्याचे तरंगते घरटे करते आणि उठून जाताना अंडी पाणवनस्पतींखाली झाकून जाते. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचे कोंब सोलून खाते. हळदी-कुंकू बदकाला लपायला लव्हाळे लागतात, वारकऱ्याला खायला शेवाळ. काठाला लावलेल्या दगडांच्या अस्तरावर, म्हणजे पिचिंगवर, यांपैकी एकालाही जागा नाही. पक्षी येतील अशी अपेक्षा ठेवून काठ खरवडणे म्हणजे भाडेकरू हवा म्हणून घराचे छप्पर काढण्यासारखे आहे.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ‘सगळ्याच वनस्पती चांगल्या नसतात, बेशरम आणि जलपर्णी यांचे काय?’ बरोबर. बेशरम ही अमेरिकेतून आलेली वनस्पती. तिला गुरे तोंड लावत नाहीत, तोडली तर फांदीफांदीतून फुटते आणि काठच्या देशी वनस्पतींना जागा सोडत नाही. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यावर पोसून ती पाण्यावर असे झाकण घालते की खाली ऊन आणि प्राणवायू दोन्ही पोचत नाहीत, आणि डासांना आडोसा मिळतो. या दोन्ही काढल्याच पाहिजेत. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पोकलेनच्या एकाच फटक्यात बेशरम, लव्हाळे, कमळ, पाणकणीस आणि माका यांना एका ढिगात टाकण्याबद्दल. कंत्राटाच्या कागदावर सगळ्यांचे नाव एकच असते, ‘झाडेझुडपे व गवत’. शिवाय उघडी पडलेली ओली माती पुन्हा सर्वांत आधी कोण बळकावते? बेशरमच. काठ सरसकट खरवडणारे दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच बिल काढण्याची सोय करून ठेवतात, असे कोणी म्हटले तर त्याला खडूस म्हणता येणार नाही.

हे काम नीट कसे करायचे, हे विदर्भातच दाखवून दिले गेले आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि तिथल्या ढिवर समाजाने मिळून बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती आणून लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत लावायची, कोणत्या माशाला कशात अंडी घालायला आवडते, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांकडून आले. वनस्पती रुजल्या तसे स्थानिक जातींचे मासे परतले आणि पक्षीही. तलावात वनस्पती लावायची असते, ही कल्पनाच सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकांना परकी आहे. वऱ्हाडात मासेमारी करणारा भोई समाज आहे, त्यांच्या सहकारी संस्था आहेत. आराखडा करताना त्यांना कोणी बोलावले होते का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होईल.

उलट टोकाचाही एक गैरसमज आहे आणि तो निसर्गप्रेमी मंडळींमध्ये असतो: काठाला हातच लावू नका. हेही चालत नाही. राजस्थानातल्या भरतपूरला १९८२ मध्ये गुरांच्या चराईवर बंदी आली. त्यावरून संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसे गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले की म्हशी गेल्यामुळे पाण्यातले गवत बेसुमार वाढले आणि उघडे पाणी कमी होऊन बदकांना उतरायला जागा उरेना. चिल्कातही समुद्राचे तोंड गाळाने बुजत गेले तेव्हा गोड्या पाण्यातल्या तणांनी सरोवर भरू लागले. २००० मध्ये नवे तोंड खोदल्यावर ते सावरले आणि संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतून २००२ मध्ये बाहेर आले. तेव्हा कापणी, चराई, गाळउपसा या गोष्टी पाप नव्हेत. किती, कुठे आणि कधी, हे ठरवायचे असते. पाणकणीस निम्मे कापावे, निम्मे ठेवावे, पुढच्या वर्षी उलट करावे. पक्ष्यांची घरटी असतात त्या पावसाळ्यात हात लावू नये. म्हशींना एक बाजू मोकळी ठेवावी.

दगडी पिचिंगलाही सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. मातीच्या धरणाच्या भिंतीवर पिचिंग हवेच. तिथे झाडे वाढली तर मुळांच्या वाटेने पाणी झिरपून भिंत धोक्यात येते. देवतळ्यासारख्या मंदिराच्या तळ्याला पायऱ्या असतात. त्या त्याच्या घडणीचा भाग आहेत आणि त्या डागडुजी करून जपाव्यात. बालाजीचे मंदिर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ मध्ये बांधले. त्या परिसराच्या दगडी रूपाला लव्हाळ्यांनी झाकावे असे कोणी म्हणत नाही. घाट आहे तिथे घाट राहू द्या. भांडण आहे ते धरणाच्या भिंतीसमोरच्या बाजूचे, जिथे पाणी हळूहळू उथळ होत शेतांना जाऊन भिडते. त्या बाजूला भिंत नाही, धोकाही नाही, आणि पाणवनस्पतींची सगळी दुनिया तिथेच असते. आता पायवाटा आणि तटबंदी तिथवर सरकू लागल्या आहेत.

गाळाचीही हीच गोष्ट. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली आणि हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण गाळ काढण्याची जागा कोण ठरवते? बहुतेकदा ट्रॅक्टरला सोपे पडेल ती. ती नेमकी उथळ कडेची असते. मग कडेला माणूसभर खोल उभे खड्डे पडतात. अशा खड्ड्यात कमळ रुजत नाही, पाणकणीस धरत नाही, पाणलावे-तुतारी पक्ष्यांना उभे राहायला चिखल मिळत नाही, आणि पावसाळ्यात गुरे-पोरे त्यात बुडण्याचा धोका असतो. धरणाच्या पोटातला गाळ काढा आणि कडेचा उतार राखा. दोन्ही एकाच योजनेत बसते. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की मोकळी होणारी गाळपेर जमीन लागवडीला दिली जाते. तिच्यातली पाण्यालगतची एक पट्टी न नांगरता सोडली, तर कोणाचे पोट मारले जात नाही.

पर्यटनवाल्यांना आवडणार नाही असा एक मुद्दा इथेच मांडलेला बरा. काठाच्या वनस्पतींचे खरे मोल पर्यटकांच्या तिकिटात मोजता येत नाही. हा सोयाबीनचा जिल्हा आहे. शेतात टाकलेल्या खताचा एक भाग दर पावसात ओढ्यांतून धरणात उतरतो. तो अडवणारे, माती थोपवणारे, लाटेने खचणारी कड धरून ठेवणारे बिनपगारी कामगार म्हणजे हे लव्हाळे आणि देवनळ. एकबुर्जीचे पाणी वाशीमकर पितात. त्याच्या उथळ कडेला गवत असावे की काँक्रीट, हा प्रश्न पाहुण्यांच्या आधी नळाच्या पाण्याचा आहे. पर्यटन हा वरचा फायदा. तेवढ्यासाठीच झाडे राखायची म्हटले, तर ज्या वर्षी पाहुणे येणार नाहीत त्या वर्षी झाडे कापली जातील.

तरीही पाहुणे येतील का? येऊन गेलेले आहेत, रोज येत आहेत. फक्त त्यांना तळ्याकाठी थांबायला कारण मिळत नाही. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. गुरुमंदिरात महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसे येतात. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांसाठी देशभरातले जैन यात्रेकरू येतात. पोहरादेवीला बंजारा समाजाची रीघ असते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे नंगारा संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. शेजारी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, रिसोडहून तासाभराच्या वाटेवर. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यातून आणि काटेपूर्णा अभयारण्यातूनही जातो. नागपूरचे कुटुंब सकाळी निघून न्याहारीला कारंज्यात पोचू शकते. या माणसांना वाशीममध्ये रात्रीचा मुक्काम नकोच असेल. त्यांना तीन तास हवेत. सकाळी सहा ते नऊ, जेव्हा रात्री उमलणारे कुमुद मिटायच्या आत दिसते, ऊन चढलेले नसते आणि पक्षी हालचालीत असतात. त्यासाठी लागते काय? लाकडी किंवा बांबूची एक साधी मचाणवजा जागा, पाण्यावर थोडीशी पुढे जाणारी फळ्यांची वाट, काही भिंगे, काही दुर्बिणी, आणि गावातली चार मुले-मुली ज्यांना लव्हाळे आणि पाणकणीस यांतला फरक सांगता येतो. तळ्यातल्या रंगीत कारंज्याच्या विजेचे बिलही कदाचित याहून जास्त येईल.

लोणारचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. जून २०२० मध्ये तिथले पाणी गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने त्या चित्रांकडे बघितले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेले. विदर्भातल्या कोणत्याही पाण्याची इतकी चर्चा आजवर झाली नसेल आणि ती एका डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाने घडवली. तिथे कोणी रंगीत दिवा लावला नव्हता. अल्कधर्मी पाण्यामुळे लोणारात कमळ नाही. ते बघायचे तर गोड्या पाण्याच्या तळ्याशी यावे लागेल. एका दिवसात खारे आणि गोडे असे दोन्ही दाखवण्याची संधी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. वाशीम त्यांतले एक आहे, आणि जिल्ह्याच्या पर्यटनाची चर्चा अजून कारंज्याच्या उंचीवर अडली आहे.

राहता राहिला डासांचा बाऊ. डेंग्यूचा डास घरातल्या कूलरमध्ये, टायरमध्ये आणि रांजणात वाढतो; गटारातला डास सांडपाण्यात. वनस्पती, मासे आणि चतुराच्या अळ्या असलेल्या तळ्यात डासाची अळी पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी तोंडी जाते. गटार तळ्यात सोडायचे आणि डासांचा दोष लव्हाळ्यांना द्यायचा, हा न्याय अजब आहे.

यात खरा अडसर पैशाचा नाही, पाणवनस्पती कोणाच्याच नावावर नसण्याचा आहे. धरणाची जमीन जलसंपदेची, लहान तलाव जिल्हा परिषदेचे, शहरातली तळी नगरपरिषदेची, मासे मत्स्यव्यवसायाच्या ठेक्याचे, अभयारण्यातले पाणी वनखात्याचे. पाण्यातल्या वनस्पती कोणाच्याच रकान्यात नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती कागदोपत्री असते. तिच्यात झाडे असतात, पिके असतात, गुरांच्या जाती असतात. तळ्यातल्या वनस्पतींची पाने मात्र नीट भरलेली क्वचितच सापडतात. कारंज्याच्या किंवा मंगरुळपीरच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका हंगामात एका तलावाची यादी करणे मुळीच अवघड नाही, आणि ती यादीच पुढे वाटाड्यांचे पाठ्यपुस्तक होईल.

तेव्हा वाशीमच्या नगरसेवकांना आणि गावोगावच्या ग्रामसभांना एक विनंती. तलाव सुशोभीकरणाचे पुढचे अंदाजपत्रक मंजुरीला येईल तेव्हा रंगीत संकल्पचित्र बाजूला ठेवून एवढेच विचारावे: या काठावर आज कोणत्या वनस्पती आहेत त्याची यादी जोडली आहे का, त्यांतल्या कोणत्या काढणार आणि कोणत्या राखणार हे लिहिले आहे का, आणि इथे जाळे टाकणाऱ्यांची त्यावर सही आहे का? यांतले एकही नसेल, तर ते अंदाजपत्रक परत पाठवावे.